पावसाळ्याची बेगमी : थोड्या खर्चात घरचा धान्यसाठा कसा उभारावा?

पौड, (प्रतिनिधी) : मुळशी तालुक्याची दोन टोके एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण त्यांच्या स्वयंपाकघरांत मोठे अंतर आहे. पूर्वेकडे हिंजवडी, बावधन, सूस या भागांत उंच इमारती आहेत. तेथे मीठ संपले तर दूरध्वनीवरून मागविता येते आणि ते काही मिनिटांत दारात पोहोचते. पश्चिमेकडे ताम्हिणी, आदरवाडी, धामणओहोळ, दासवे या डोंगराळ पट्ट्यात मात्र पावसाळ्यापूर्वीच घरात धान्य, डाळ, मीठ, सरपण भरून ठेवण्याची रीत आहे. या रीतीला मराठीत ‘बेगमी’ असा नेमका शब्द आहे. कोकणात तिलाच आगोटीची तयारी म्हणतात.

शहरी वाचकाला ही रीत जुन्या काळची वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या काही वर्षांतील घटना पाहता तिची गरज केवळ घाटमाथ्यावरील वाड्यांपुरती उरलेली नाही. थोड्या पैशांत, कमी जागेत आणि अन्न वाया न घालविता एका कुटुंबाला महिनाभर पुरेल असा साठा कसा उभारता येईल, याची माहिती येथे दिली आहे. त्यातील बरेचसे शहाणपण मुळशीच्या जुन्या घरांतलेच आहे.

गरज कोणाला?

२५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी ताम्हिणी घाटात दरड कोसळली आणि लवासा परिसरात बंगले मातीखाली गेले. त्याच पावसात पुणे शहरातील सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी जलमय झाली व रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. घाटातील वाडी आणि शहरातील सोसायटी या दोन्ही ठिकाणी त्या दिवशी दुकानाची वाट बंद होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली येथे महापूर आला, तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग सुमारे आठवडाभर बंद राहिला. मालमोटारी रांगेत अडकल्या आणि दुधाचा पुरवठा विस्कळित झाला. जुलै २०२० मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड व लगतच्या काही गावांत दहा दिवसांची टाळेबंदी लागू झाली. तिच्या पहिल्या पाच दिवसांत दूध व औषधे वगळता किराणा दुकानेही बंद होती. टाळेबंदीची घोषणा झाल्यापासून ती लागू होईपर्यंत दुकानांपुढे मोठमोठ्या रांगा लागल्या. ज्यांच्या घरी महिन्याचे धान्य भरलेले होते, त्यांना त्या रांगेत उभे राहावे लागले नाही.

परदेशांतही सरकारे आता हा विषय गांभीर्याने घेत आहेत. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये आणीबाणीच्या तयारीची पुस्तिका घरोघर पाठविली. युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये प्रत्येक कुटुंबाने किमान ७२ तास स्वतःच्या बळावर राहण्याची तयारी ठेवावी, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे तर चार महिन्यांची तयारी ठेवण्याची परंपरा आहे. ती विसरली जाऊ नये, एवढेच.

मुळशीची पद्धत

मुळशी हा भाताचा मुलूख आहे. येथील आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध असून अलीकडे इंद्रायणी वाणाचा पेरा अधिक दिसतो. डोंगरउतारावर नाचणी व वरई घेतली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताची कापणी व झोडणी झाली की वर्षभराचे भात घरात येते. ते लगेच भरडून तांदूळ केला जात नाही. भाताचे टरफल हेच दाण्याचे पहिले संरक्षण असते. टरफलासह ठेवलेल्या भाताला सोंडकिड्याचा उपद्रव कमी होतो आणि दाणाही टिकतो. गरजेपुरते भात गिरणीवर नेले जाते आणि पावसाळा तोंडावर आला की चार महिन्यांच्या हिशेबाने तांदूळ करून ठेवला जातो. भर पावसात वीज गेली की गिरणी बंद पडते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

साठवणीसाठी बांबूच्या कामट्यांची कणगी वापरली जाते. ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून उन्हात खडखडीत वाळवितात. कणगी जमिनीला टेकवीत नाहीत. खाली दगड व फळ्या मांडून ती उंचावर ठेवतात आणि भिंतीपासूनही थोडी दूर ठेवतात. जमिनीतून व भिंतीतून येणारी ओल धान्याला लागू नये, हा त्यामागील हेतू असतो. डाळी, कडधान्ये व बियाणे मडक्यांच्या उतरंडीत किंवा चुलीवरच्या माळ्यावर जातात. तेथे चुलीची ऊब व धूर मिळत असल्याने ओल आणि कीड दोन्ही दूर राहतात. वालासारख्या कडधान्यात चाळलेली राख मिसळतात. तांदळात बिब्बे, तर इतर धान्यांत कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा वाळलेला पाला घालतात. पापड, कुरडया, सांडगे, सुकी मासळी, आमसुले, मीठ, मिरची, सरपण व गोवऱ्या यांची तयारी मार्चपासून मे अखेरपर्यंत चालते. या कामाचा बहुतेक भार घरातील स्त्रिया उचलतात, याचीही नोंद घेतली पाहिजे.

देशावर हेच काम जमिनीतील पेवांनी केले. किल्ल्यांवर त्यासाठी अंबारखाने बांधले गेले. पन्हाळगडावरील गंगा, यमुना व सरस्वती ही धान्यकोठारे आजही पाहावयास मिळतात. आकार कोणताही असो, तत्त्वे सारखीच दिसतात : धान्य कोरडे हवे, जमिनीपासून उंच किंवा हवाबंद हवे, रोजच्या खाण्यातले हवे आणि संकट येण्यापूर्वी भरलेले हवे.

किती धान्य लागते?

भाजी, दूध व फळे मिळत नाहीत असे गृहीत धरले तर एका प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ३० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम शेंगदाणे व ३० ग्रॅम गूळ किंवा साखर लागेल. यातून सुमारे २,२०० कॅलरी मिळतात. चार जणांच्या कुटुंबाचा तीस दिवसांचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

• तांदूळ : २० किलो
• गहू किंवा ज्वारी : १६ किलो
• नाचणी : ६ किलो
• पोहे, लाह्या, सातूचे पीठ, भाजणी (न शिजविता किंवा चटकन होणारे पदार्थ) : ६ किलो
• तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ, मसूर : मिळून १० किलो
• खाद्यतेल : ४ लिटर
• शेंगदाणे : ४ किलो
• गूळ व साखर : ४ किलो
• मीठ : १ किलो
• याशिवाय हळद, तिखट, आमसूल किंवा चिंच, कांदा-लसूण मसाला, दूध पावडर, चहा

घरात लहान मुले असतील तर धान्य थोडे उरेल, कष्टाचे काम करणारी माणसे असतील तर थोडे कमी पडेल. तान्ह्या बाळाचा आहार, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाचा आहार आणि त्यांची औषधे यांचा विचार स्वतंत्रपणे करावा.

जागेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात सुमारे १२ ते १३ किलो तांदूळ मावतो. पोहे व लाह्या वगळता वरील सर्व धान्य अशा चार डब्यांत बसते. पलंगाखाली किंवा माळ्यावर एवढी जागा बहुतेक घरांत निघते.

पैसे कोठून आणावेत?

एकदम महिनाभराचा साठा विकत घेणे सामान्य कुटुंबाला परवडणारे नसते आणि त्याची गरजही नसते. दरमहा किराण्यावर जेवढी रक्कम खर्च होते, तिचा दहावा हिस्सा जास्तीच्या खरेदीसाठी बाजूला ठेवावा. दहा महिन्यांत एका महिन्याचा संपूर्ण किराणा शिल्लक पडतो. वरील यादीत केवळ मूलभूत जिन्नस असल्याने प्रत्यक्षात तो त्याआधीच उभा राहील. तेवढेही शक्य नसेल तर प्रत्येक बाजाराच्या वेळी एक किलो धान्य किंवा पाव किलो डाळ जास्त आणावी. हातातील पैशांनी प्रथम तीन दिवसांचा, मग आठवड्याचा व त्यानंतर महिन्याचा टप्पा गाठावा.

दुसरी बचत हंगामाची. नवा गहू व रब्बी ज्वारी मार्च ते मे या काळात बाजारात येतात. तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीपासून वाढते. भाताचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पुण्यातील अनेक कुटुंबे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात, त्यामागे हेच गणित आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारातून किंवा थेट शेतकऱ्याकडून दोन-तीन कुटुंबांनी मिळून पोते घेतले तर दर कमी पडतो आणि वाटून घेतल्याने साठविण्याचा त्रासही कमी होतो.

तिसरी बचत म्हणजे वेगळे ‘आणीबाणीचे अन्न’ विकत न घेणे. परदेशी पद्धतीचे डबाबंद व महागडे पदार्थ घेऊन ठेवले तर ते घरात कोणी खात नाही आणि मुदत संपली की टाकून द्यावे लागतात. घरात रोज जे शिजते, तेच साठवावे. नाचणीची सवय नसलेल्या घरात सहा किलो नाचणी ठेवून उपयोग नाही. सवय असलेल्या घराने मात्र ती अवश्य ठेवावी. किडीला दाद न देणारे व वर्षानुवर्षे टिकणारे धान्य म्हणून तिची ख्याती आहे.

साठा आणि साठेबाजी यांतला फरकही ध्यानात ठेवावा. टंचाईची बातमी आल्यावर दुकान रिकामे करणारा दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतो. सुबत्तेच्या दिवसांत थोडे थोडे भरून ठेवणारा मात्र टंचाईच्या दिवशी रांगेतून बाजूला होतो आणि हातावर पोट असणाऱ्याला जागा करून देतो.

कोणता जिन्नस किती टिकतो?

पॉलिश केलेला पांढरा तांदूळ कोरडा व हवाबंद ठेवल्यास कित्येक वर्षे टिकतो. हातसडीच्या तांदळात कोंड्यातील तेल असते व ते खवट होते. त्यामुळे असा तांदूळ सहा महिन्यांहून अधिक ठेवू नये. अख्खा गहू व ज्वारी नीट वाळविल्यास वर्षभर सहज राहतात. पीठ मात्र लवकर बिघडते. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडवट होते. म्हणून साठा दाण्याचा करावा, पिठाचा नव्हे. वीज गेल्यावर गिरणी बंद राहील, हे लक्षात घेऊन आठ-दहा दिवसांचे पीठ मात्र पावसाळ्यात हाताशी असू द्यावे.

कडधान्यांना टोके फार लवकर लागतात. हे भुंगेरे अख्ख्या दाण्यावर अंडी घालतात. त्यामानाने डाळींना त्यांचा उपद्रव कमी होतो. दीर्घ साठवणीसाठी डाळींना प्राधान्य द्यावे. रवा व मैदा यांचा साठा करू नये. शेंगदाण्यांपेक्षा टरफलासह शेंगा अधिक टिकतात. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा धान्य धुऊन अथवा भाजून खाण्याचा मोह टाळावा. बुरशीतील काही विषे शिजविल्यानेही नष्ट होत नाहीत. तेलाच्या पिशवीवरील मुदत पाहावी आणि ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. गुळाला पावसाळ्यात पाणी सुटते, म्हणून त्याचे लहान तुकडे करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत.

ओल आणि कीड यांचा बंदोबस्त

घाटमाथ्यावरची पावसाळी हवा दमट असते. पुण्यातही जुलै-ऑगस्टमध्ये परिस्थिती फार वेगळी नसते. धान्यात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असेल तर ते दीर्घकाळ टिकत नाही. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते, पण दोन सोप्या कसोट्या आहेत. दाणा दातांखाली धरल्यास कट्कन तुटला पाहिजे. तो चेपला गेला तर धान्य ओले आहे. दुसरी कसोटी मिठाची. काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे कोरडे मीठ व मूठभर धान्य घालून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य आणखी वाळवावे लागेल.

गहू, ज्वारी व कडधान्ये दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवावीत आणि सावलीत पूर्ण गार झाल्यावरच भरावीत. गरम धान्य डब्यात भरले तर आतल्या आत पाणी सुटते. तांदूळ थेट कडक उन्हात ठेवू नये. दाण्याला चिरा पडून कणी होते. तो सावलीत, हवेशीर जागी पसरावा.

डबा काठोकाठ भरावा. आत हवा जितकी कमी तितके किड्यांचे जगणे कठीण होते. स्वच्छ धुऊन पूर्ण वाळविलेल्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या डाळी-तांदळासाठी उत्तम ठरतात. त्यांना काही खर्च नसतो. एका बाटलीत कीड झाली तरी बाकीच्या सुरक्षित राहतात. शिवाय पावसाळ्यात मोठा डबा वारंवार उघडण्याची गरज पडत नाही. रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा ठेवावा आणि मोठा डबा उघडीप असलेल्या कोरड्या दिवशीच उघडावा. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात चार-पाच दिवस ठेवलेल्या डाळीतील किडे व अंडी मरतात. थोड्या प्रमाणातील धान्यासाठी हा उपाय सोयीचा आहे. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून घरातील तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे धान्यावर दव धरत नाही.

गहू व तूरडाळीला हात माखेल एवढे एरंडेल तेल चोळण्याची जुनी पद्धत उपयुक्त आहे. शिजविण्यापूर्वी धान्य धुवावे. कडुनिंबाचा पाला घालताना तो पूर्ण वाळलेला असावा. ओल्या पाल्याने उलट बुरशी येते. बोरिक पावडर चोळण्याची रीत अनेक घरांत आहे, परंतु खाद्यपदार्थात तिच्या वापरास परवानगी नाही. ती टाळावी. गोदामात वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात कधीही आणू नयेत. ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून जीवघेणा वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण त्याने गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत.

पाणी आणि इंधन

धान्य आहे पण शिजवायला पाणी व इंधन नाही, अशी स्थिती पुराच्या वेळी हमखास येते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला किमान तीन लिटर पाणी धरावे. चार जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर पाणी झाकणाच्या कॅन व पिंपांत भरून ठेवणे अवघड नाही. तुरटीने गढूळ पाणी निवळते, पण जंतू मरत नाहीत. असे पाणी गाळून किमान एक मिनिट खळखळ उकळावे किंवा क्लोरीनचे द्रावण, गोळ्या त्यावरील सूचनेप्रमाणे वापराव्यात.

गॅसचा दुसरा सिलिंडर पावसाळ्याच्या सुरुवातीस भरलेला असावा. डाळ-तांदूळ आधी भिजवून कुकरमध्ये शिजविल्यास गॅस बराच वाचतो. इंधनच नसेल अशा दिवसासाठी यादीतील पोहे, लाह्या, सातूचे पीठ, शेंगदाणे व गूळ कामी येतात. दडपे पोहे, गूळ-सातू, मेतकूट लावलेल्या लाह्या यांना चूल लागत नाही. मेणबत्त्या, आगपेटी, विजेरी आणि हाताने चालणारा डबा उघडण्याचा चमचा एकाच जागी ठेवावा.

फिरता साठा

भरून ठेवलेला साठा विसरला तर तो किडीच्या उपयोगी पडतो. प्रत्येक डब्यावर भरल्याचा महिना व वर्ष लिहावे. नवीन आणलेले धान्य मागे जावे, जुने पुढे यावे आणि स्वयंपाकाला पुढचे वापरले जावे. जेवढे काढले तेवढे पुढील बाजारात भरून टाकावे. अशा रीतीने साठ्यावर वेगळा खर्च एकदाच होतो, त्यानंतर तो आपोआप फिरत राहतो. महिन्यातून एकदा प्रत्येक डबा उघडून वास, जाळी, भुगा यांची पाहणी करावी. एखादा डबा बिघडल्यास तो लगेच बाजूला काढावा.

वेळेचे गणितही बदलले आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेगमी पुरी करावी, असा जुना दंडक होता. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला आणि मोसमी पाऊस महिनाअखेरीपूर्वीच राज्यात दाखल झाला. वाळवणे शेवटच्या पंधरवड्यावर ठेवणाऱ्यांची त्या वर्षी पंचाईत झाली. यापुढे वाळविण्याचे काम एप्रिलअखेर संपविणे शहाणपणाचे ठरेल.

ज्यांना साठविता येत नाही

बेगमीला आधी काहीतरी शिल्लक असावे लागते. मुळशीत ती सर्वांकडे कधीच नव्हती. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी बांधलेल्या मुळशी धरणाखाली येथील सुपीक भातखाचरे गेली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व पां. म. बापट यांनी केले आणि त्यातूनच ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. खाचर गेले की कणगीही रिकामी होते, हा त्या लढ्यामागचा अगदी साधा अर्थ होता.

आजही कातकरी समाजातील अनेक कुटुंबे उन्हाळ्यापर्यंत वीटभट्ट्यांवर राबतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात. भट्टी बंद, शेतीची मजुरी अनिश्चित आणि रानात चिखल, असे ते दिवस असतात. आदिवासी कुटुंबांच्या याच अडचणीसाठी राज्यात पूर्वी खावटी कर्ज योजना होती. २०२० मध्ये सरकारने कर्जाऐवजी प्रतिकुटुंब चार हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले. त्यातील निम्मी रक्कम रोख व निम्म्या रकमेच्या वस्तू देण्याचे ठरले.

अशा कुटुंबांची बेगमी मुख्यतः शिधापत्रिकेवर अवलंबून असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. वर दिलेल्या हिशेबाने एका प्रौढाला महिन्याला १२ किलो धान्य लागते. म्हणजे शिधापत्रिकेवरील ५ किलोंनी निम्मी गरजही भागत नाही. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी केंद्र सरकारने जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य आगाऊ वाटण्याचे आदेश दिले होते. नवसंजीवन योजनेत दुर्गम आदिवासी गावांना पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचविण्याची तरतूद आहेच. बेगमीची जुनी कल्पना सरकारनेही स्वीकारल्याचे यावरून दिसते. आगाऊ धान्य वाटपाची घोषणा झाल्यास शिधापत्रिकाधारकांनी ते वेळेत उचलावे. मात्र एका खोलीच्या गळक्या घरात तीन महिन्यांचे धान्य कोरडे ठेवणे सोपे नसते. ओळखीच्या अशा कुटुंबाला रिकामे पत्र्याचे डबे किंवा झाकणाचे पिंप देणे हीदेखील मोठी मदत ठरेल.

साठ्याची मर्यादा

आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेले. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर हीच वेळ आली. घरच सुरक्षित नसेल तर घरातील साठा उपयोगी पडत नाही. दरडप्रवण किंवा पूररेषेतील घरांनी तीन दिवसांचा कोरडा शिधा, पाणी, औषधे व कागदपत्रांच्या प्रती एका जलरोधक पिशवीत बांधून दाराजवळ ठेवाव्यात. स्थलांतराची सूचना मिळताच तेवढीच पिशवी घेऊन बाहेर पडावे. भरलेल्या कणगीसाठी किंवा डब्यांसाठी मागे थांबू नये. शक्य असल्यास साठ्याचा काही भाग सुरक्षित जागी राहणाऱ्या नातलगांकडे ठेवावा. पूररेषेतील घरात डबे तळमजल्याऐवजी वरच्या माळ्यावर असावेत.

सुरुवात कशी करावी?

• या आठवड्यात : घरात आज किती दिवसांचे धान्य, डाळ व तेल आहे, याची कागदावर नोंद करावी. बहुतेक घरांत आठ-दहा दिवसांचा जिन्नस आधीच निघतो.
• या महिन्यात : तीन दिवसांचे न शिजविता खाता येण्याजोगे पदार्थ व ३६ लिटर पाण्याची भांडी यांची सोय करावी.
• मार्च-एप्रिलमध्ये : गहू, ज्वारी व डाळी घेऊन वाळवाव्यात, डबे व बाटल्या तयार ठेवाव्यात.
• मेच्या मध्यापर्यंत : सर्व डबे भरून त्यांवर महिना व वर्ष लिहावे, दुसरा सिलिंडर भरून घ्यावा.
• पावसाळ्यात : मोठे डबे बंद ठेवावेत, लहान डब्यांतून वापर करावा, महिन्यातून एकदा पाहणी करावी.
• दिवाळीनंतर : उरलेले जुने धान्य संपवून नवा तांदूळ भरावा.

पावसाळा कोरडा सरला आणि रस्ते चालू राहिले तरी या खर्चातील एक रुपयाही वाया जात नाही. जे भरले ते घरातील माणसांच्या ताटातच जाते.